आजची बातमी आजच्याच वर्गात

जपानी शिकवणाऱ्या, जपानी शिकणाऱ्या आणि खरं तर कुठलीही परकी भाषा शिकवणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रमैत्रिणींनी हे आजच्या आज बघावं, म्हणून हा लेख. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेची 'न्यूज वेब इझी' नावाची एक बातमीसेवा आहे. २०१२ पासून आहे. सोमवार ते शुक्रवार रोज नव्या बातम्या, खऱ्याखुऱ्या, ताज्या. भूकंपाच्या, निवडणुकीच्या, भाववाढीच्या, बेसबॉलच्या, प्राणिसंग्रहालयात जन्मलेल्या पिलांच्या. आणि सगळ्या अशा जपानीत, की दीड-दोन वर्षं शिकलेला आपला विद्यार्थी त्या वाचू शकतो. स्वतः! मांडीवर कोश न घेता, सेन्सेईंकडे बघत न बसता! गेले काही आठवडे जो भेटेल त्याला मी हे सांगत सुटले आहे. आता छापूनच सांगते.

ही गोष्ट माझ्यापर्यंत आली ती एका वाईट बातमीच्या मागून. २०२४ चा पहिलाच दिवस. आपल्याकडे दुपारचा पाऊण वाजत आला होता आणि जपानच्या नोतो द्वीपकल्पात ७.६ तीव्रतेचा भूकंप झाला. तिकडे संध्याकाळचे चार वाजून दहा मिनिटं, नव्या वर्षाची सुट्टी, माणसं घरोघरी जमलेली. पुण्यातले आम्ही जपानीवाले सगळे फोनला चिकटून. एनएचकेची निवेदिका, एरवी किती मोजूनमापून बोलणारी, त्या दिवशी अक्षरशः ओरडत होती: पळा, आत्ताच्या आत्ता उंच जागी पळा! आणि पडद्यावर ठळक अक्षरांत 'त्सुनामी! निगेते!', म्हणजे 'त्सुनामी! पळा!'. तेही हिरागाना या उच्चारलिपीत, एकही कांजी, म्हणजे अवघड चिनी अक्षर, न वापरता. म्हणजे पहिलीतलं पोर वाचेल आणि नुकताच विमानातून उतरलेला परदेशी कामगारही वाचेल.

माझा एक जुना विद्यार्थी नोतोशेजारच्या तोयामाला कारखान्यात नोकरीला आहे. जपानीची एन-४ परीक्षा पास होऊन गेलेला. त्या रात्री तो शेजाऱ्यांबरोबर एका शाळेत जाऊन बसला होता. सुखरूप असल्याचं कळलं आणि जिवात जीव आला. नंतरच्या आठवड्यात त्याचा संदेश आला: "सेन्सेई, इथे काय चाललंय ते मी रोज यावर वाचतो. सगळं कळतं." खाली एक दुवा. मी तो सहज म्हणून उघडला आणि रात्री दीड वाजेपर्यंत तिथून उठले नाही.

काय काय आहे सांगते. बातमी छोटी, चार-पाच परिच्छेदांची. प्रत्येक कांजीच्या डोक्यावर बारीक अक्षरांत तिचा उच्चार, फुरिगाना. फुरिगाना नको असेल तर एक बटण दाबायचं, सगळा गायब. पुन्हा हवा असेल तर पुन्हा दाबा. वर्गात बसून जपानी शिकलेल्या माणसाला विचारा या एका बटणाची किंमत! आधी फुरिगानासकट वाचायचं, मग तो काढून वाचायचं, अडलं की परत आणायचा. पूर्वी याच कामासाठी आम्ही झेरॉक्सवर व्हाइटनर लावून उच्चार झाकायचो.

पुढे. माणसांची नावं, गावांची आणि देशांची नावं, कंपन्या-संस्थांची नावं वेगवेगळ्या रंगांत. हे ज्याला सुचलं त्याने शिकणाऱ्याच्या शेजारी बसून त्याला वाचताना पाहिलं असणार. जपानीत शब्दांच्या मध्ये जागा सोडत नाहीत, आणि इंग्रजीसारखी मोठी लिपीही नाही की बघताक्षणी विशेषनाम ओळखू यावं. नवा वाचक हमखास अडकतो तो इथेच. एखाद्या गावाच्या नावातल्या कांजी सुट्या सुट्या करून त्यांचा अर्थ लावत बसतो, वाक्य हातातून निसटतं, आणि 'मला वाचता येत नाही' असं समजून तो पुस्तक मिटतो. रंग दिल्याबरोबर ती अडचण संपली. हे गाव आहे, पुढे चला.

काही शब्दांखाली रेघ आहे. तिथे बोट ठेवलं की त्या शब्दाचा अर्थ जपानीतच उघडतो, शाळकरी मुलांच्या कोशातला. आणि बातमी ऐकायचीही सोय आहे, सावकाश, सुट्या सुट्या उच्चारांत. सगळ्यांत खाली, आणि इथे मला खुर्चीतून उठून उभं राहावंसं वाटलं, त्याच घटनेची मूळ बातमी. मोठ्या माणसांसाठी लिहिलेली, कांजींनी गच्च भरलेली, जशी कुठल्याही जपानी घरात वाचली जाते तशी. एक बोट दाबायचं की सोप्यावरून अवघडावर.

त्या रात्री मी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचत राहिले. हे सोपं करणं नेमकं काय असतं, ते पहिल्यांदाच इतकं लख्ख दिसत होतं. मूळ बातमीत एका वाक्यात तीन-तीन गोष्टी कोंबलेल्या: कोणत्या मंत्रालयाच्या कोणत्या समितीने कधी घेतलेल्या बैठकीत काय ठरवलं. मराठी माणसाला ही रचना तशी परकी नाही. आपलंही क्रियापद शेवटी येतं, 'काल मुंबईहून आलेला माणूस' असं नामाच्या आधी सगळं रचत जायची आपल्यालाही सवय आहे. तरी जपानी बातमीतलं हे रचणं इतकं लांबतं, की नामापर्यंत पोचेस्तो सुरुवात विसरायला होते. सोप्या बातमीत त्या एका वाक्याची तीन वाक्यं झालेली. कोण ते आधी, काय केलं ते मग, का केलं ते त्यानंतर. आकडे मोजकेच. जो शब्द टाळताच येत नाही तो तसाच ठेवून पुढच्याच वाक्यात त्याचा अर्थ. आणि काही तपशील चक्क वगळलेले. काय वगळलंय ते मी पुन्हा पुन्हा तपासलं. बातमीचा प्राण कुठेच गेलेला नव्हता.

कोण करत असेल हे? शोधलं, आणि उत्तर वाचून अंगावर काटा आला. एक बातमीदार आणि एक जपानीचा शिक्षक. दोघं मिळून! बातमीदार बघतो की अर्थ कुठे वाकडा तर होत नाही ना, शिक्षक बघतो की हे वाक्य वाचकाला झेपेल ना. एनएचकेच्या संशोधन विभागाने ही पद्धत बसवली, कुठले शब्द आणि कुठलं व्याकरण सोपं धरायचं याच्या याद्या तयार केल्या, मदतीला संगणकाची साधनं घेतली, आणि शेवटचा हात मात्र माणसांचाच ठेवला. जगातल्या एवढ्या मोठ्या वृत्तसंस्थेत, रोजच्या बातमीच्या टेबलावर, आपल्यातलाच एक भाषाशिक्षक बसलेला आहे! तासाला अमुक रुपये, बॅच भरली तर भरली, अशा हिशेबात जगणाऱ्या आम्हा मंडळींना या गोष्टीचं केवढं अप्रूप वाटावं!

मग मी अजून मागे गेले. सोप्या जपानीचा हा विचार मुळात आला कुठून? शोध थेट १७ जानेवारी १९९५ पर्यंत गेला. पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे आणि आसपासचा भाग हादरला. सहा हजार चारशेवर माणसं गेली. त्या भागात राहणाऱ्या परदेशी लोकांच्या वाट्याला भूकंपाबरोबर आणखी एक संकट आलं: सूचना कळेनात. पाणी कुठे वाटतात, कुठल्या शाळेत जायचं, पुन्हा हादरे बसणार का, हे सगळं सांगितलं जात होतं, पण सरकारी जपानीत. इंग्रजीत भाषांतर करावं तर सगळ्यांना इंग्रजी कुठे येत होतं! चिनी, कोरियन, व्हिएतनामी, ब्राझीलहून आलेले, किती भाषा घेणार आणि पहिल्या काही तासांत त्यांचे भाषांतरकार आणणार कुठून?

उत्तरेला आओमोरी प्रांतात हिरोसाकी विद्यापीठ आहे. तिथले भाषाशास्त्रज्ञ सातो काझुयुकी आणि त्यांचे सहकारी या प्रश्नाला भिडले. त्यांचं उत्तर फार धाडसी होतं: या सगळ्यांना थोडंफार जपानी येतंच, तर त्या थोड्याफार जपानीतच बोलायचं. वर्ष-दोन वर्षं राहिलेल्या माणसाला जेवढं येतं तेवढ्यात सगळ्या सूचना बसवायच्या. वाक्य लहान. एका वाक्यात एकच गोष्ट. महत्त्वाचं आधी. त्यांनी शब्द कसे बदलले ते बघा. मोठ्या भूकंपानंतरच्या हादऱ्यांना जपानीत 'योशिन' म्हणतात, तर त्यांनी लिहिलं 'नंतर येणारा भूकंप'. संकटाच्या वेळी सार्वजनिक जागी अन्न शिजवून वाटतात त्याला 'ताकिदाशी' म्हणतात, तर 'गरम जेवण करून वाटतात' असं सरळ. सुरक्षित जागी जाणं या अर्थाच्या 'हिनान' या जड शब्दाऐवजी 'निगेरु', पळणे. आणि १ जानेवारीला पडद्यावर जे 'निगेते' झळकलं, ते याच घराण्यातलं! कोबेच्या ढिगाऱ्यांतून निघालेला विचार एकोणतीस वर्षांनी नोतोच्या किनाऱ्यावर माणसांना हाका मारत होता. माझा तोयामातला विद्यार्थी त्या हाकेवर उठून उंचावरच्या शाळेत गेला. भाषाशिक्षण म्हणजे काय, असं यापुढे कुणी विचारलं तर मी हेच सांगणार.

आता वर्गात काय झालं ते ऐका.

संध्याकाळची बॅच. पुण्यातल्या जपानीच्या कुठल्याही बॅचसारखीच: आयटीतले तिघं-चौघं, डिप्लोमा झालेली आणि जपानात नोकरी शोधणारी मुलं, ॲनिमे बघून आलेल्या दोन कॉलेजकन्यका, एक निवृत्त गृहस्थ. 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाचा दुसरा भाग चाललेला. मी सोपी बातमी छापून नेली, अस्वलांची. २०२३ या वर्षी जपानात अस्वलांनी हाहाकार माजवला होता. डोंगरात त्यांचं खाणं, ओक-बीचच्या झाडांच्या बिया, कमी पिकलं. अस्वलं गावांत उतरली, देशभरात दोनशेहून अधिक माणसांवर हल्ले झाले, सगळ्यांत जास्त अकिता प्रांतात. पाठ्यपुस्तकात अस्वल येतं ते प्राण्यांच्या यादीत. इथे ते भर वस्तीत, घरांच्या मधून चाललेलं.

मुलांनी वाचायला घेतलं. पहिल्या परिच्छेदाला नेहमीसारखी कुजबूज. दुसऱ्या परिच्छेदाला वर्ग गप्प. तिसऱ्याला मागच्या बाकावरचा मुलगा एकदम म्हणाला, "वाताशी नो मुरा नि मो, ह्यो गा किमास!" माझ्याही गावात बिबट्या येतो! मुलगा जुन्नरचा. उसात बिबट्या दिसणं त्याच्याकडे रोजचंच. मी विचारलं, कुठे येतो? तर ऊस म्हणायचं होतं त्याला, आणि ऊस आम्ही कधी शिकवलेलाच नाही, शिकवणार कशाला? हातांनी उंची दाखवली, कांडं सोलून चावून दाखवलं, "आमाई, आमाई" गोड, गोड असं म्हणत राहिला. मी फळ्यावर लिहिलं: सातोकिबी. पुढची पंधरा मिनिटं वर्ग माझ्या हातात राहिला नाही. रात्री पाणी द्यायला शेतात जाताना काय करता? बॅटरी घेऊन जातो, मोठ्यांदा गाणी लावतो. अकितातली माणसं काय करतात? बातमीत बघा! आणि तेरा डोकी पुन्हा कागदावर वाकली, उत्तर शोधायला. मी सांगितलं म्हणून नव्हे, त्यांना हवं होतं म्हणून. घंटी लावून जातात, तिथे लिहिलं होतं. जुन्नरच्या मुलाने वहीत टिपून घेतलं.

एवढे दिवस संभाषणाच्या तासाला मी विषय देत आले: तुमचा छंद सांगा, कुटुंबाविषयी बोला. मुलं बोलतातही, पाठ केलेलं. अस्वलाच्या बातमीवर कुणीच पाठ केलेलं नव्हतं. अकितातल्या आणि जुन्नरमधल्या माणसाची रात्रीची भीती एकच आहे हे कळलं, आणि तोंडं उघडली.

पुढच्या तासाला त्याच घटनेची मूळ बातमी दिली. आधी सगळ्यांचे चेहरे उतरले, एवढ्या कांजी बघून. पण गोष्ट माहीत होती! काय झालं ते डोक्यात पक्कं होतं, त्यामुळे डोळे कांजींतून ओळखीचे तुकडे शोधायला लागले. निवृत्त गृहस्थांना 'पर्यावरण मंत्रालय' सापडलं. कॉलेजच्या मुलींना 'वाढ' आणि 'घट' या दोन कांजी सापडल्या. संपूर्ण बातमी कुणालाच समजली नाही आणि त्याचं कुणाला दुःखही झालं नाही. जपानी माणसं वाचतात तेच आपण वाचतोय, एवढ्यानेच वर्गाची छाती फुगली होती.

एकदा हे दार उघडल्यावर मी थांबणार थोडीच! जपान फाउंडेशनचं सायतामा प्रांतातल्या उरावा इथे जपानीच्या शिक्षकांसाठी खास केंद्र आहे, जगभरचे शिक्षक तिथे प्रशिक्षणाला जातात. त्यांनी शिक्षकांसाठी 'मिन्ना नो क्योझाई' नावाचं साहित्याचं भांडार मोकळं ठेवलंय. चित्रं, छायाचित्रं, सराव, उतारे, वर्गात वापरा म्हणून दिलेले. क्रियापदांची चित्रं काढता काढता हात दुखून येतो, अशा प्रत्येक शिक्षकाने तिकडे धाव घ्यावी. 'इरोदोरी' नावाचा त्यांचा अख्खा अभ्यासक्रम, पुस्तकं आणि ध्वनिफितींसकट, फुकट उतरवून घेता येतो. कामासाठी जपानला जाणाऱ्यांसाठी तो बांधलाय, त्यामुळे दुकान, दवाखाना, कामाच्या जागी विचारायचे प्रश्न असं सगळं. 'रीडिंग चूता' नावाच्या साधनात कुठलाही उतारा टाकला की त्यातला कुठला शब्द कुठल्या पातळीचा आहे ते समोर येतं. म्हणजे हा उतारा माझ्या बॅचला जड जाईल का, हे आता अंदाजाने ठरवायला नको.

'तादोकु'वर मात्र थांबायलाच हवं. तादोकु म्हणजे भरपूर वाचणं. टोकियोतली एक ना-नफा संस्था पातळ्या लावून छोटी छोटी गोष्टींची पुस्तकं काढते, त्यातली कितीतरी विनामूल्य देते. अगदी खालच्या पातळीवर पानाला एखादंच वाक्य आणि मोठं चित्र. त्यांचे नियम चार: सगळ्यांत सोप्यापासून सुरू करा, कोश बघू नका, अडलं तर सोडून पुढे जा, रमलं नाही तर पुस्तक खाली ठेवा आणि दुसरं घ्या. चौथा नियम वर्गात वाचून दाखवला तेव्हा मुलांना खरंच वाटेना. पुस्तक अर्धवट सोडायला परवानगी! आपल्याकडे धडा सोडणं म्हणजे पाप. पण आवडीचं पुस्तक हातात पडेपर्यंत बदलत राहिलं की मुलं वाचत सुटतात, हे मी माझ्या डोळ्यांनी बघतेय. त्या दोन कॉलेजकन्यका आता बसमध्ये वाचतात.

आणि 'ओजाद'! टोकियो विद्यापीठातल्या संशोधकांनी केलेला जपानी सुरांचा कोश. जपानीत शब्दाचे काही भाग चढ्या सुरात आणि काही उतरत्या सुरात म्हणतात, आणि मराठी कानाला हे सहजी पकडता येत नाही. आपण जोर देतो, सूर बदलत नाही. पुण्यात जपानी शिकलेल्या माणसाचं बोलणं व्याकरणाने चोख आणि सुराने सपाट असतं, ही तक्रार मी कितीतरी वेळा ऐकली आहे. ओजादमध्ये 'सुझुकी-कुन' म्हणून एक सोय आहे. आपलं वाक्य तिथे चिकटवायचं, बटण दाबायचं, आणि त्या वाक्यावरून एक वळणदार रेघ धावत जाते: इथे वर, इथे खाली, इथे अलगद उतरा. मग तेच वाक्य आवाजात ऐकायचं. मी अस्वलाच्या बातमीतलं पहिलं वाक्य टाकलं. वर्गातल्या पडद्यावर रेघ उमटली आणि मुलं बोटं हवेत फिरवत ती रेघ म्हणू लागली! आयटीतला एक मुलगा, जो वाचताना नेहमी पुटपुटतो, तो रेघेकडे बघत खणखणीत बोलला. सूर दिसू शकतो! गाणं शिकलेल्यांना यात नवल वाटणार नाही, पण भाषेच्या वर्गात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

माझ्या उत्साहाला कंटाळून असेल, पण जर्मन आणि फ्रेंच शिकवणाऱ्या मैत्रिणींनी त्यांची गाठोडी माझ्यापुढे सोडली. जर्मनीच्या डॉइच वेले या प्रसारण संस्थेवर रविवार सोडून रोज सावकाश वाचलेल्या बातम्या मिळतात, शेजारी मजकूर. फ्रान्सच्या आरएफआय रेडिओवर सोप्या फ्रेंचमधलं दहा मिनिटांचं बातमीपत्र रोज असतं. त्यात प्रत्येक बातमीची पार्श्वभूमी दोन वाक्यांत समजावून देतात. तिघी मिळून आम्ही ठरवलं: एखाद्या दिवशी जगातली एकच मोठी बातमी तिन्ही वर्गांत वाचायची, मग तिन्ही वर्ग एकत्र बसवायचे आणि जपानने काय सांगितलं, जर्मनीने काय, फ्रान्सने काय, ते मुलांनी एकमेकांना मराठीत सांगायचं. कल्पना करा! रानडे इन्स्टिट्यूटपासून टिळक महाराष्ट्र विद्यापीठापर्यंत इतक्या भाषांचे वर्ग भरणाऱ्या पुण्यात हे सहज करता येईल.

या सगळ्यातून एक प्रश्न माझ्या मनात घुसला आणि तो काही केल्या निघत नाही. मराठीत अशी बातमी का नसावी? मराठी शिकणारे काय थोडे आहेत? अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांत जाणारी मुलं आहेत, बदलीवर महाराष्ट्रात आलेले अधिकारी आहेत, परराज्यांतून आलेले बँकेतले कर्मचारी, दवाखान्यातल्या परिचारिका आहेत. त्यांच्यासाठी बालगीतांची आणि पाढ्यांची पुस्तकं आहेत. आजच्या सकाळची बातमी नाही.

तेव्हा मी हात घालून बघितला. चाकणच्या कारखान्यात नवऱ्याची बदली झाली म्हणून पुण्यात आलेली एक जपानी बाई माझ्याकडे मराठी शिकते. तिच्यासाठी पुणेकरांच्या रोजच्या वाचनातला एक नमुना घेतला. अशा बातमीचा घाट आपल्या सगळ्यांना पाठ आहे: 'जलकेंद्राच्या अखत्यारीतील विद्युत व स्थापत्यविषयक देखभाल-दुरुस्तीची कामे हाती घेण्यात येणार असल्याने येत्या गुरुवारी शहरातील पेठांसह उपनगरांचा पाणीपुरवठा बंद राहणार असून शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल.' एक वाक्य! हिरोसाकीचे नियम समोर ठेवले. एका वाक्यात एक गोष्ट, महत्त्वाचं आधी. अखत्यारी गेली. 'विद्युत व स्थापत्यविषयक' गेलं. 'हाती घेण्यात येणार असल्याने' याच्याशी बराच वेळ झटापट केली. खरा पेच पडला तो 'कमी दाबाने'पाशी. दाब ही कल्पना तिला कळेल, शब्द कळणार नाही, आणि शब्द शिकवण्याची ही वेळ नाही. पाच-सहा वेळा खोडलं. शेवटी कागदावर उरलं ते असं:

गुरुवारी पुण्यात नळाला पाणी येणार नाही. पाण्याच्या केंद्रात दुरुस्तीचं काम आहे. शुक्रवारी सकाळी पाणी येईल. पण उशिरा येईल आणि थोडं थोडं येईल.

विशेषनामाला रंग दिला. 'केंद्र' आणि 'दुरुस्ती' यांच्याखाली रेघ मारून कागदाच्या तळाशी सोप्या मराठीत अर्थ लिहिले. मग माझ्या आवाजात सावकाश वाचून तिला ते ध्वनिमुद्रण पाठवलं, एनएचकेसारखं सगळं साग्रसंगीत.

ती आली, बसली, कागद घेतला. बोटाने एकेक शब्द पकडत वाचलं. 'थोडं थोडं'पाशी हसली, तिला ते आवडलं असावं. मग तिने एकदम भुवया उंचावून विचारलं, "हा गुरुवार? उद्या?" मी म्हटलं, "हो, उद्याच." तिने पर्समधून फोन काढला, नवऱ्याला लावला आणि जपानीत भराभरा सांगितलं: कंपनीतून येताना दोन मोठ्या बादल्या घेऊन या, रात्रीच भरून ठेवायच्या आहेत. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "सेन्सेई, उद्याची बातमी पण द्या."

मेट्रोची घेतली आहे. अर्धी लिहून झाली.